परवान्यातून सुटलेली गाडी: सातारा-सांगलीतील खासगी रुग्णवाहिका आणि तिचे कागद

मोटार वाहन कायद्यानुसार रिक्षाला परवाना लागतो, टॅक्सीला लागतो, मालट्रकला आणि शाळेच्या बसलाही लागतो. रुग्णवाहिकेला लागत नाही. १९८८ च्या कायद्याच्या कलम ६६ मध्ये परवान्याची सक्ती आहे आणि त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात ही सक्ती कोणाला नाही याची यादी आहे. केवळ पोलीस, अग्निशमन किंवा रुग्णवाहिका म्हणून वापरले जाणारे वाहन त्या यादीत येते. त्याच्या लगेच पुढे शववाहिका येते. त्यामुळे एखादी खासगी रुग्णवाहिका ‘परवानाधारक’ आहे का, या प्रश्नाला आरटीओच्या भाषेत सरळ उत्तरच नाही. नोंदणी, फिटनेस, विमा, पीयूसी, चालकाचे लायसन्स, ठरवून दिलेले भाडे असे कागद वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या निमित्तांनी या गाडीला चिकटत गेले. लोक ज्याला परवाना म्हणतात तो म्हणजे या सगळ्यांची बेरीज. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ही बेरीज कशी होत गेली ते पाहण्याजोगे आहे. लांबून रुग्ण येत राहिलेले मिरजेसारखे गाव, अपघातांचा महामार्ग आणि सह्याद्रीतल्या आडवाटेच्या वाड्या या तिन्ही गोष्टी येथे एकमेकींच्या शेजारी आहेत.

मोटार येण्याआधी रुग्ण हलवायला दोनच साधने होती, माणसांचे खांदे आणि बैलगाडी. जावळी, पाटण, महाबळेश्वर, शिराळा या डोंगरी भागांत घोंगडी किंवा चादर बांबूला बांधून झोळी करत. कधी बाजेलाच दोर बांधून ती उचलत. उचलणारे चार, बदलीला आणखी चार आणि रात्र असेल तर पुढे कंदील घेतलेला एक. याला भाडे नव्हते. भावकीने आणि शेजाऱ्यांनी हात लावायचा, ही रीत होती, आणि ज्याच्या घरी माणूसबळ नाही त्याचे हाल होत. कोयना धरण झाल्यावर शिवसागर जलाशयाने खोऱ्यातले जुने रस्ते पोटात घेतले. पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या गावांसाठी मग झोळीच्या जोडीला लाँच आली. रुग्ण झोळीतून काठापर्यंत, लाँचमधून तापोळा किंवा बामणोलीपर्यंत आणि तेथून गाडीने पुढे जाई. हा क्रम आजही पुरता मोडलेला नाही. आरटीओला तपासता येते ती या साखळीतली शेवटची कडी.

रुग्ण लांबून आणण्याचा व्यवहार वाढला तो मिरजेमुळे. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले. सांगलीत थोडा काळ काम करून ते मिरजेला गेले आणि १८९४ मध्ये त्यांचे रुग्णालय सुरू झाले. गाव त्यांनी नेमके निवडले असे म्हणावे लागते. पुण्याहून येणारी सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज लाइन नुकतीच मिरजेवरून पुढे कर्नाटकाकडे गेली होती आणि १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर फाटाही सुरू झाला होता. पुढे १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज पंढरपूरहून मिरजेला येऊन मिळाली आणि कवठेमहांकाळ-जत भागातली माणसे त्या गाडीने येऊ लागली. मोतीबिंदू, मुतखडा, गाठी अशा शस्त्रक्रियांसाठी लोक शेकडो मैलांवरून येत. म्हणजे मिरजेच्या बाबतीत पहिली खरी रुग्णवाहिका रेल्वेच होती. स्टेशनपासून दवाखान्यापर्यंतचे अंतर टांगा किंवा बैलगाडी भागवत असे.

सातारा जिल्ह्यात रेल्वेने नेमके उलटे केले. ही लाइन सातारा शहर बाजूला टाकून कोरेगावच्या अंगाने गेली आणि शहराचे स्टेशन माहुलीजवळ, गावाबाहेर राहिले. कराडचेही स्टेशन गावापासून दूर, ओगलेवाडीला. महाबळेश्वर-पाचगणीला जाणाऱ्यांना वाठार स्टेशनावर उतरून टांग्याने घाट चढावा लागे. पाचगणीची कोरडी हवा क्षयरोग्यांना मानवते म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे सॅनेटोरियमे उभी राहिली, डॉ. बिलिमोरिया यांचे बेल-एअर त्यांतले नावाजलेले. खोकणारा, अंगात ताप असलेला माणूस वाठारहून वर नेणे हा टांगेवाल्यांचा नेहमीचा धंदा झाला. पैसे घेऊन आजाऱ्याला पोचवण्याचा खासगी व्यवसाय या भागात असा सुरू झाला. पण रुग्ण नेला म्हणून टांगेवाल्याला वेगळे काही बंधन नव्हते.

सरकारने रुग्णाच्या वाहतुकीत पहिल्यांदा हात घातला तो प्लेगमुळे, आणि तो हात मदतीचा कमी, धाकाचा जास्त होता. १८९६ मध्ये मुंबईत आलेली साथ पुण्यामार्गे दक्षिणेकडे पसरली आणि साताऱ्यालाही तिने सोडले नाही. १८९७ च्या साथरोग कायद्याने संशयित रुग्णाला घरातून काढून विलगीकरणात नेण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना मिळाला. गाडी कोणाची, तिची स्थिती काय, आत कोण बसणार हे प्रश्न तेव्हा कोणी विचारले नाहीत. रुग्णाला नेले की काम झाले. चार कलमांचा हा कायदा पुढे सव्वाशे वर्षे पुस्तकात राहिला आणि २०२० मध्ये खासगी रुग्णवाहिकांच्या कथेत अचानक परत आला. तो भाग पुढे येईलच.

मोटारीबरोबर मोटारीचे कायदे आले. १९१४ च्या कायद्याचा भर गाडीची नोंदणी आणि चालकाचे लायसन्स एवढ्यावर होता. १९३९ च्या कायद्याने भाड्याच्या गाड्यांना परवाना सक्तीचा केला, आणि तो सक्तीचा करतानाच पोलीस, बंब आणि रुग्णवाहिका यांना त्यातून सूट दिली. यामागचे कारण समजून घ्यायला हवे. परवाना ही व्यवस्था मुळात स्पर्धा आवरण्यासाठी होती. एका रस्त्यावर किती बस धावाव्यात, कोणत्या भागात किती टॅक्सी असाव्यात, रेल्वेचे उत्पन्न किती बुडू द्यावे, हे सरकारला ठरवायचे होते. रुग्णवाहिकेला मार्ग नसतो, वेळापत्रक नसते. साताऱ्याची गाडी पुण्याच्या हद्दीत शिरली म्हणून तिला नाक्यावर अडवणे कोणालाच परवडणारे नव्हते. शिवाय त्या काळी रुग्णवाहिका म्हणजे रुग्णालयाची, नगरपालिकेची किंवा रेडक्रॉससारख्या संस्थेची गाडी. ती कोणी भाड्याने चालवून पोट भरेल, ही कल्पनाच कायदा लिहिणाऱ्यांसमोर नसावी. सूट शहाणपणाची होती. पण १९८८ चा नवा कायदा लिहिताना परिस्थिती बदलली होती, आणि तरीही ती जशीच्या तशी पुढे आली.

या भागात आणखी एक गुंता होता. स्वातंत्र्यापूर्वी सांगली, मिरज थोरली पाती, मिरज धाकटी पाती, जत, औंध, फलटण ही संस्थाने होती आणि सातारा जिल्हा इंग्रजांचा. ब्रिटिश हद्दीतला कायदा संस्थानात आपोआप लागू होत नसे. त्यामुळे तासगावचा रुग्ण मिरजेच्या दवाखान्यात जाताना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होता. संस्थाने विलीन झाली आणि १९४९ मध्ये सातारचा दक्षिण भाग व यांतल्या काही संस्थानांचा मुलूख जोडून दक्षिण सातारा जिल्हा झाला. नोव्हेंबर १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. आता गाड्यांच्या नंबरवरून हे जिल्हे ओळखू येतात: साताऱ्याचा एमएच-११, सांगलीचा एमएच-१०, कराडचा एमएच-५०.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत रुग्णवाहिका ही सरकारी वस्तू होती आणि ती दुर्मीळ होती. प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहिली, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि केंद्राच्या दारात जीप उभी राहू लागली. ही जीप लसीकरणाला, कुटुंब नियोजनाच्या शिबिराला आणि साहेबांच्या दौऱ्याला अशी तिन्हीकडे धावे. उरलेल्या वेळात रुग्ण. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. एका हाकेवर गाड्या निघाव्यात अशी कोणतीही यंत्रणा त्या वेळी जिल्ह्यात नव्हती आणि या आपत्तीनंतरही ती उभी राहिली नाही. ती यायला आणखी सेहेचाळीस वर्षे लागली.

मधली पोकळी भरून काढली ती सहकाराने. कृष्णाकाठी साखर कारखाने उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर कारखान्याची अँब्युलन्स आली. १९४८ च्या कारखाना कायद्याचे कलम ४५ पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याकडून ‘अँब्युलन्स रूम’ मागते. कायद्याने मागितली ती खोली, गाडी नव्हे. पण उसाच्या हंगामात मळीपासून गव्हाणीपर्यंत कोठेही अपघात होऊ शकतो, तेव्हा खोलीला गाडीची जोड देणे भागच होते. ती गाडी कामगारासाठी होती, तशी सभासदाच्या बाळंतीण सुनेसाठीही निघू लागली. पाठोपाठ दूध संघ, पतसंस्था, गणेश मंडळे, देवस्थाने आणि वाढदिवस साजरे करणारे पुढारी यांनी अँब्युलन्स देण्याचा सपाटा लावला. १९९३ पासून खासदार निधी मिळू लागल्यावर त्यातूनही गाड्या आल्या. या चळवळीने अनेकांचे प्राण वाचवले, हे निर्विवाद आहे. पण तिने एक घोळही मागे ठेवला. दारावर देणगीदाराचे नाव, आरसीवर ट्रस्टचे नाव आणि प्रत्यक्ष चालवणारा तिसराच, अशी गाडी गावोगाव दिसू लागली. लोकार्पणाचा नारळ फुटतो तेव्हा डिझेल, चालकाचा पगार आणि दरवर्षीचे पासिंग यांचा हिशेब बहुधा कोणी मांडत नाही. काही वर्षांत गाडी ‘ना नफा’वरून भाड्यावर येते, आणि ट्रस्टच्या नावाखाली धंदा सुरू होतो.

खरा खासगी धंदा सुरू झाला तो मारुती व्हॅनमुळे. १९८४ मध्ये आलेली ही छोटी गाडी स्वस्त होती, पेट्रोल कमी पीत होती, गल्लीत शिरत होती आणि मागची सीट काढली की स्ट्रेचर बसत होते. तोपर्यंत रुग्णवाहिका म्हणजे मॅटॅडोर किंवा जीप, आणि ती घ्यायला संस्थाच हवी. आता एक चालक स्वतःच्या बळावर मालक होऊ लागला. मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय होते, सांगलीत सिव्हिल होते, दोन्ही शहरांत खासगी रुग्णालयांची रांग लागली होती, कराडला कृष्णा रुग्णालय उभे राहिले. सीमेपलीकडच्या अथणी, कागवाड, विजापूर भागातून रुग्ण येत होते. एका रुग्णालयातून दुसरीकडे, मिरजेहून पुण्याला, सिव्हिलमधून घरी, असे फेरे वाढले आणि रुग्णालयांच्या दारात गाड्यांची रांग दिसू लागली. सुमो आली, ट्रॅक्स आली, पुढे विंगर आणि ट्रॅव्हलर आली. त्याबरोबर रांगेचे अलिखित नियमही आले. बाहेरच्या गाडीने येथून रुग्ण उचलायचा नाही, लांबचे भाडे लागले तर परतीच्या रिकाम्या फेरीचेही पैसे घ्यायचे, आणि ज्याने रुग्ण सुचवला त्याला कट द्यायचा. यातले काहीही कोणत्या कागदावर नसते, त्यामुळे कागद तपासून ते सापडत नाही.

आरटीओच्या दृष्टीने या गाड्यांची अडचण वेगळी होती. व्हॅन विकत घेतली जाई ती खासगी प्रवासी मोटार म्हणून. सीट काढून, काचांवर लाल अधिक चिन्ह रंगवून, छतावर दिवा लावून ती ‘अँब्युलन्स’ होई. नोंदणीत मात्र मोटारच राही. कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनात असा बदल करायचा तर नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि त्याची नोंद आरसीत व्हावी लागते. हा फरक नुसता तांत्रिक नाही. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि मध्ये कोणी तिचे ब्रेक बघत नाही. रुग्णवाहिका वाहतूक वाहनांच्या वर्गात येते, म्हणून तिला फिटनेस लागतो. आठ वर्षांपर्यंत तो दोन-दोन वर्षांसाठी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावा लागतो. कलम ५६ प्रमाणे फिटनेस संपलेले वाहतूक वाहन वैध नोंदणी नसल्यासारखेच धरले जाते. विम्याचेही तसेच. मोटार म्हणून उतरवलेला विमा भाड्याने रुग्ण नेताना झालेल्या अपघातात वादात सापडतो, आणि तो वाद रुग्णाच्या नातेवाइकांना निस्तरावा लागतो.

या शतकाच्या सुरुवातीला पुणे-सातारा-कोल्हापूर महामार्ग चौपदरी झाला. वेग वाढला तसे अपघातही वाढले. खंबाटकी घाटातले ‘एस’ वळण बातम्यांतून घरोघरी पोचले. महामार्गावर टोलनाक्यांची अँब्युलन्स आली. आनेवाडी आणि तासवडे हे सातारा जिल्ह्यातले दोन नाके. १०३३ या क्रमांकावर ही अँब्युलन्स बोलावता येते. पण सर्वांत मोठा बदल केला तो १०८ ने. २००५ मध्ये आंध्र प्रदेशात सुरू झालेली ही कल्पना महाराष्ट्रात २०१४ मध्ये आली. तेव्हा एकूण ९३७ गाड्या, त्यांतल्या २३३ अॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या आणि ७०४ बेसिक लाइफ सपोर्टच्या. प्रत्येक गाडीत डॉक्टर. कंत्राट मिळाले ते बीव्हीजी समूहाला, ज्याचे संस्थापक हणमंतराव गायकवाड सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. गरोदर माता आणि तान्ह्या बाळांसाठी १०२ ची वेगळी मोफत सेवा आहे. सर्वसामान्य नातेवाइकाच्या दृष्टीने १०८ ची खरी देणगी म्हणजे तुलनेची पट्टी. बीएलएस आणि एएलएस हे शब्द तिच्यामुळे लोकांच्या तोंडी आले आणि व्हॅनमध्ये ऑक्सिजनचा सिलिंडर ठेवला म्हणजे ती ‘कार्डियाक’ होत नाही, हे कळू लागले. खासगी गाड्या मात्र संपल्या नाहीत. १०८ आणीबाणीत जवळच्या योग्य रुग्णालयात नेते. घरच्यांना हवे त्या रुग्णालयात, किंवा बरा झालेला रुग्ण गावी, असे फेरे करण्यासाठी ती नाही. तेवढे क्षेत्र खासगीकडेच राहिले.

गाडी कशी असावी, हे कायद्याने पहिल्यांदा तपशिलात सांगितले ते एआयएस-१२५ या मानकाने. केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्याचा समावेश झाला आणि १ एप्रिल २०१८ पासून नव्या रुग्णवाहिकांना ते लागू झाले. त्यात चार प्रकार आहेत. ए म्हणजे प्राथमिक मदत घेऊन आधी पोचणारे वाहन. बी म्हणजे जिवाला तातडीचा धोका नसलेल्या रुग्णाची ने-आण करणारी गाडी. सी म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट आणि डी म्हणजे अॅडव्हान्स्ड. रुग्णाच्या कप्प्याची मापे, स्ट्रेचर पक्के बसवण्याची रीत, ऑक्सिजनची सोय, आतला उजेड, बाहेरचा पांढरा रंग असे सगळे त्यात आहे. जुन्या गाड्या त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या, हे लक्षात ठेवावे लागते. २०१८ च्या आधी नोंदलेली व्हॅन या मानकात बसत नाही म्हणून ती बेकायदा ठरत नाही. दिव्यांचे नियमही याच सुमारास बदलले. १ मे २०१७ पासून मंत्री-अधिकाऱ्यांचे लाल दिवे गेले आणि छतावरचा दिवा आपत्कालीन गाड्यांपुरता उरला. त्याच वर्षीच्या वाहनचालन विनियमांनी रस्त्यावरच्या अग्रक्रमात बंबानंतर रुग्णवाहिकेला स्थान दिले, तर २०१९ च्या दुरुस्तीने वाट न देणाऱ्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. टोल माफ, जीएसटी माफ, रस्ता मोकळा, परवाना नको: सवलती एवढ्या वाढल्या की नाव लावण्याचा मोह होणे स्वाभाविकच होते.

मार्च २०२० मध्ये करोना आला. सांगली जिल्ह्यातील पहिले रुग्ण इस्लामपुरात सापडले आणि त्यांना मिरजेच्या शासकीय रुग्णालयात हलवले गेले. राज्य सरकारने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला आणि जिल्हाधिकाऱ्यांना खासगी रुग्णवाहिका ताब्यात घेण्याचे अधिकार मिळाले. प्लेगच्या वेळी रुग्णाला पकडून नेणारा कायदा आता रुग्णासाठी गाडी पकडत होता. भाड्याचा प्रश्न त्याहून पेटला होता. काही किलोमीटरसाठी हजारो रुपये मागितल्याच्या तक्रारी राज्यभर होत्या. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना रुग्णवाहिकांचे वाजवी दर ठरवण्यास सांगितले. महाराष्ट्रात हे काम प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे आले. जिल्हाधिकारी या प्राधिकरणाचा अध्यक्ष असतो आणि परिवहन अधिकारी सचिव. रिक्षाचे मीटर ठरवणाऱ्या याच मंडळाने गाडीच्या आकाराप्रमाणे वर्ग पाडले: व्हॅन, सुमो-मॅटॅडोर, ४०७-माझदा, आयसीयू. प्रत्येकाला सुरुवातीच्या अंतराचे ठोक भाडे आणि पुढे किलोमीटरला दर. ज्या गाडीला कधी परवाना दिलाच नाही, तिचे भाडे तीच यंत्रणा ठरवू लागली. परवाना असता तर ज्यादा भाडे घेतल्याबद्दल तो निलंबित करता आला असता. येथे निलंबित करायला काही नव्हते, म्हणून कारवाई दंड, तक्रार आणि गाडी अडकवणे यांवर आली.

करोनाच्या आधीच्याच पावसाळ्यात, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णा-वारणा-पंचगंगेच्या पुराने सांगली वेढली आणि शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. तेव्हा रुग्ण होडीतून काढावे लागले आणि नोंदणी, फिटनेस, दर या सगळ्याचा काही उपयोग नव्हता. दरपत्रक गृहीत धरते की रस्ता आहे.

आज एखादी खासगी रुग्णवाहिका तपासायची तर पहिली जागा म्हणजे परिवहन विभागाची वाहन प्रणाली आणि एमपरिवहन अॅप. गाडीचा नंबर टाकला की वर्ग, फिटनेसची मुदत, विम्याची मुदत आणि पीयूसी दिसते. वर्गाच्या रकान्यात ‘अँब्युलन्स’ आहे की ‘मोटार कार’, एवढे पाहिले तरी निम्मे काम होते. मालकाचे नाव तेथे मधली अक्षरे झाकून येते, त्यामुळे गाडी ट्रस्टची आहे की माणसाची, हे नेहमी स्पष्ट होत नाही. त्यासाठी मूळ आरसी मागावी. लांबच्या फेरीला निघण्याआधी दर विचारावा, तो प्राधिकरणाच्या दरपत्रकाशी ताडावा आणि पावती घ्यावी. आणीबाणीत हे कोणी करत नाही आणि करूही नये. हे काम रुग्णालयांचे आणि संस्थांचे आहे. त्यांनी आपल्या दारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे कागद शांतपणे, आधीच पाहून ठेवायला हवेत.

आरोग्य खात्याच्या बाजूला मात्र एवढेही नाही. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली होते आणि २०२१ च्या सुधारित नियमांनी त्यांना दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद लावणे भाग पाडले आहे. पण हा कायदा खाटा असलेल्या जागेचा आहे, चाकांवरच्या खाटेचा नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. चालकाच्या बाबतीत अट सैल झाली आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतचे वाहतूक वाहन चालवता येते हे कायम केले, आणि रस्त्यावरच्या बहुतेक रुग्णवाहिका या वजनाच्या आत येतात. मागे रुग्णाजवळ बसणाऱ्या माणसासाठी २०२१ चा सहायक आरोग्य व्यावसायिकांचा केंद्रीय कायदा आहे आणि आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचा त्याच्या यादीत समावेश आहे. पण त्या माणसाची पात्रता आरसीत उतरत नाही, फिटनेसच्या तपासणीत विचारली जात नाही आणि अॅपवर दिसत नाही. तिचे प्रमाणपत्र मागायचे ते सेवा चालवणाऱ्याकडेच, किंवा ज्या रुग्णालयाने गाडी बोलावून दिली त्याच्याकडे.